के, डब्ल्यू आणि जी-एच: उच्चारात नसलेली अक्षरे मुलांना कशी समजवावीत?

प्रश्न: शिक्षिका, चाळीसगाव तालुका

नमस्कार. मी चाळीसगाव तालुक्यातील एका गावी सहावी आणि सातवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. दर शनिवारी आमचा शब्दसंग्रहाचा तास असतो आणि त्यासाठी मी सारख्या अक्षरांच्या शब्दांच्या याद्या करत आले आहे. एका आठवड्यात ‘के-एन’ने सुरू होणारे शब्द, दुसऱ्या आठवड्यात ‘डब्ल्यू-आर’ने सुरू होणारे, तिसऱ्या आठवड्यात ज्यांच्या पोटात ‘जी-एच’ आहे असे. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि मुलांनी ते पाठ करून सोमवारी म्हणून दाखवायचे, अशी आमची रीत आहे.

मागच्या शनिवारी मी फळ्यावर ‘नाइफ’ हा शब्द के-एन-आय-एफ-ई असा लिहिला आणि समोर ‘सुरी’ असा अर्थ दिला, तेव्हा सातवीतील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, ‘के’ म्हणायचाच नाही, तर तो लिहायचा कशाला?” मी तिला सांगितले की ते तसेच पाठ करायचे असते. हे उत्तर मला दिवसभर टोचत राहिले, कारण मी स्वतः शाळेत असताना हाच प्रश्न विचारला होता आणि मलाही हेच उत्तर मिळाले होते.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे सातवीपर्यंत मुलांना अक्षरे ओळखता येतात आणि सोपी वाक्येही वाचता येतात; पण स्पेलिंग आले की त्यांचा धीर सुटतो. मराठीत जसे लिहितो तसे वाचतो, मग इंग्रजीत असे का, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. या अक्षरांमागे खरोखर काही कारण आहे का, की ती निव्वळ रूढी आहे? अक्षरांवरून शब्दांच्या याद्या करण्याने मुलांचा काही लाभ होतो का? आणि होत असेल, तर कोणत्या अक्षरांपासून सुरुवात करावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर 1: निवृत्त इंग्रजी शिक्षक, अमळनेर

ताई, त्या मुलीला पहिले उत्तर तिच्या स्वतःच्या बोलीतून द्या. आपल्या खान्देशात बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, शाळेला ‘शाया’ म्हणतात आणि जळगावला ‘जयगाव’ म्हणणारी माणसे आजही प्रत्येक बसमध्ये भेटतात. तरी बसच्या पाटीवर जळगाव असेच लिहिलेले असते. पाटी जुना उच्चार धरून राहिली आणि जीभ पुढे गेली. इंग्रजीत नेमके हेच घडले आहे. ‘नाइफ’, ‘नी’, ‘नॉट’ या शब्दांतला ‘के’ पूर्वी स्पष्ट उच्चारला जात असे. माणसे ‘क्नी’, ‘क्नॉट’ असेच म्हणत. हा उच्चार सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजांच्या तोंडून गळत गेला, पण त्याच्या आधीच, म्हणजे 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला होता आणि छापील शब्दांची रूपे हळूहळू पक्की होत चालली होती. जर्मन भाषा ही इंग्रजीची सख्खी नातलग आहे, आणि जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतो, ‘क’ पूर्ण उच्चारून.

मराठीत लिहितो तसेच वाचतो, हेही पूर्ण खरे नाही, आणि मुलांना ते जाणवून दिले तर इंग्रजीवरचा त्यांचा राग बराच कमी होईल. ‘ज्ञान’ या शब्दातील ‘ज्ञ’ हे ज आणि ञ यांचे जोडाक्षर आहे, पण आपण मराठीत त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो आणि हिंदी भाषक तो ‘ग्य’ असा करतात. ‘विषय’ लिहिताना पोटफोड्या ष लिहितो आणि म्हणताना शहामृगाचा श म्हणतो.

‘ज्ञान’ हा शब्द मी मुद्दाम निवडला. इंग्रजीतील ‘नो’ म्हणजे जाणणे, के-एन-ओ-डब्ल्यू, हा शब्द आणि संस्कृतातील ‘ज्ञा’ हा धातू एकाच मुळापासून आलेले आहेत. मूळ भाषेतील ‘ग’ संस्कृतात ‘ज’ झाला आणि इंग्रजीच्या पूर्वज भाषेत ‘क’ झाला. हा नियम याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने 1822 मध्ये मांडला. त्याच वाटेने ‘नी’ म्हणजे गुडघा हा आपल्या ‘जानु’ शब्दाचा भाऊ आहे. ‘आजानुबाहू’ म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो, हे मुलांना सांगितले तर ते हा शब्द विसरणार नाहीत. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीला जो ‘के’ निरुपयोगी वाटला, तो या दोन शब्दांत आपल्या ‘ज’च्या जागी उभा आहे.

‘के-एन’ची यादी करताना शब्द सुटे देऊ नका, जोडीने द्या. ‘नी’ म्हणजे गुडघा आणि ‘नील’ म्हणजे गुडघे टेकणे. ‘नॉट’ म्हणजे गाठ आणि ‘निट’ म्हणजे विणणे. विणणे म्हणजे गाठीमागून गाठ घालणे, म्हणून हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. ‘नो’ म्हणजे जाणणे आणि ‘नॉलेज’ म्हणजे ज्ञान. ‘नॉक’ म्हणजे दार ठोठावणे आणि ‘नकल’ म्हणजे ज्याने ठोठावतो ते बोटाचे पेर. ‘नीड’, के-एन-ई-ए-डी, म्हणजे पीठ मळणे. कळण्याच्या भाकरीचे पीठ मळणारी आई प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. ‘नाइट’ म्हणजे सरदार योद्धा, याचा इतिहास वेगळा आहे: जुन्या इंग्रजीत तो शब्द मुलगा किंवा चाकर या अर्थाचा होता, पुढे राजाच्या चाकरीतील लढवय्या असा त्याचा मान वाढला, आणि जर्मनमध्ये मात्र त्याचा भाऊ ‘क्नेख्ट’ चाकरच राहिला.

आणखी एक उपयोग सांगतो. ‘के’ बोलला जात नसला तरी कागदावर तो काम करतो. पीठ मळण्याचा ‘नीड’ आणि गरज असण्याचा ‘नीड’ कानाला एकच आहेत. गाठ या अर्थाचा ‘नॉट’ आणि नकाराचा ‘नॉट’, जाणण्याचा ‘नो’ आणि नाही म्हणण्याचा ‘नो’, योद्धा ‘नाइट’ आणि रात्र ‘नाइट’ यांचेही तसेच आहे. वाचणाऱ्याला अर्थ कळतो तो त्या एका अक्षरामुळे.

‘डब्ल्यू-आर’च्या शब्दांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तिथे अक्षरांबरोबर अर्थही एकत्र आलेला आहे. ‘रिंग’, डब्ल्यूसह, म्हणजे ओले कापड पिळणे. ‘रिस्ट’ म्हणजे मनगट, जिथे हात वळतो तो सांधा. ‘रिंकल’ म्हणजे सुरकुती, ‘रीथ’ म्हणजे फुलांचे गुंफलेले चक्र, ‘रिगल’ म्हणजे वळवळणे, ‘रेसल’ म्हणजे कुस्ती खेळणे, ‘रेंच’ म्हणजे हिसका देऊन पिरगळणे आणि नट फिरवायचा पानाही. या सगळ्यांत वळण, पीळ, मुरड आहे. ‘राँग’ म्हणजे चूक हाही त्यांच्यातलाच आहे. त्याचा मूळ अर्थ वाकडा. आपणही वाईट मार्गाला लागलेल्या माणसाचे पाऊल वाकडे पडले असेच म्हणतो, म्हणून हा शब्द मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र ‘राइट’ म्हणजे लिहिणे हा शब्द या वळणाच्या घरातला नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा आहे, कारण जुने लोक लाकडावर आणि दगडावर अक्षरे कोरत असत. यादीत तो ठेवा, पण वेगळ्या ओळीत ठेवा.

उत्तर 2: संस्कृतचे शिक्षक, धुळे

अमळनेरच्या सरांनी ‘ज्ञा’ आणि ‘जानु’ यांचा उल्लेख केल्यामुळे मला ‘जी-एच’विषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण मुलांना सर्वांत जास्त छळणारी ही जोडी संस्कृताशेजारी ठेवली की सर्वांत जास्त बोलू लागते.

ही दोन अक्षरे पूर्वी घशातून येणाऱ्या ‘ख’सारख्या ध्वनीसाठी लिहिली जात. तो ध्वनी पुढे ‘नाइट’, ‘लाइट’, ‘डॉटर’ अशा शब्दांतून लोप पावला, आणि ‘लाफ’ म्हणजे हसणे, ‘कफ’ म्हणजे खोकला, ‘रफ’ म्हणजे खडबडीत, ‘टफ’ म्हणजे चिवट, ‘इनफ’ म्हणजे पुरेसे या शब्दांत त्याचा ‘फ’ झाला. आता त्याच्या जागी संस्कृतात काय आहे ते पाहा. ‘नाइट’ म्हणजे रात्र, आणि संस्कृतात ‘नक्तम्’ म्हणजे रात्री; दिवसभर उपाशी राहून रात्रीच जेवण्याच्या व्रताला आपल्याकडे नक्त म्हणतात. ‘एट’ म्हणजे आठ, संस्कृतात ‘अष्ट’, लॅटिनमध्ये ‘ऑक्टो’, ज्यावरून जुन्या रोमन पंचांगातील आठव्या महिन्याला ऑक्टोबर हे नाव पडले. ‘डॉटर’ म्हणजे मुलगी, संस्कृतात ‘दुहितृ’. इंग्रजीतील ‘जी-एच’ आणि आपला ‘ह’ एकाच ठिकाणी आहेत. अहिराणी बोलणाऱ्या मुलांना अर्थ सांगताना ‘आंडेर’ म्हणा.

‘लाइट’ हा शब्द दोन आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे. वजनाने हलका या अर्थाचा ‘लाइट’ हा आपल्या ‘लघु’चा भाऊ आहे, आणि ‘लघु’त तर ‘घ’ अजून जिवंत आहे. उजेड या अर्थाचा ‘लाइट’ वेगळा; त्याचे नाते ‘रुच्’, म्हणजे प्रकाशणे, या धातूशी आहे. इंग्रजीत दोघांचे स्पेलिंग एक झाले, पण घराणी दोन आहेत.

‘वे’, म्हणजे वजन करणे, हा ‘वह्’ धातूशी जोडलेला आहे. उचलून वाहून नेणे हा त्याचा जुना अर्थ. ‘डो’, म्हणजे मळलेली कणीक, हा शब्द ‘दिह्’ धातूच्या कुळातला आहे, आणि त्याच धातूपासून ‘देह’ शब्द झाला. लिंपणे, थापून आकार देणे हा त्यातला समान अर्थ आहे. कणकेचा गोळा आणि माणसाचे शरीर यांना एकच मूळ असावे, याचे मला इतकी वर्षे शिकवूनही नवल वाटते.

प्रश्नकर्ती: शिक्षिका, चाळीसगाव तालुका

दोन्ही सरांचे मनापासून आभार. ‘जयगाव’चे उदाहरण मी कालच वर्गात दिले. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने स्वतःच पुढे ‘कायी माती’, ‘केयं’ असे शब्द सांगायला सुरुवात केली आणि पाहता पाहता अर्धा फळा भरला.

एक शंका आहे. माझ्या यादीत ‘डिलाइट’, म्हणजे आनंद, हा शब्द आहे आणि त्यातही ‘जी-एच’ आहे. त्याचेही संस्कृतात कोणी नातलग आहे का?

उत्तर 3: निवृत्त इंग्रजी शिक्षक, अमळनेर

ताई, या शब्दाने तुम्ही अडचणीच्या जागी अचूक बोट ठेवले. ‘डिलाइट’मध्ये ‘जी-एच’ कधीच नव्हता. तो शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हा त्याचे रूप साधारण ‘डेलीट’ असे होते. पुढे ‘लाइट’सारखा ऐकू येतो म्हणून लिहिणाऱ्यांनी त्याला ‘लाइट’चे स्पेलिंग चढवले. अशी मागाहून चिकटलेली अक्षरे इंग्रजीत बरीच आहेत. ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘डाउट’ म्हणजे शंका हे फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आले होते, विद्वानांनी मूळ लॅटिन शब्दांची आठवण म्हणून त्यात ‘बी’ घातला. ‘आयलंड’ म्हणजे बेट हा अस्सल इंग्रजी शब्द आहे, पण त्याच अर्थाच्या ‘आइल’ या परक्या शब्दाच्या प्रभावाने त्यात ‘एस’ शिरला. ‘थम’ म्हणजे अंगठा या शब्दातील शेवटचा ‘बी’ मागाहूनचा आहे, तर ‘लॅम’ म्हणजे कोकरू आणि ‘कोम’ म्हणजे कंगवा यांतला ‘बी’ खरा, एके काळी उच्चारला जाणारा आहे.

म्हणून प्रत्येक मुक्या अक्षरामागे जुना उच्चार असतोच, असे वर्गात सांगू नये. ‘के-एन’ आणि ‘डब्ल्यू-आर’ने सुरू होणाऱ्या नेहमीच्या शब्दांत ते निर्धास्त सांगता येते. ‘जी-एच’मध्ये शब्द तपासून सांगावे लागते. ‘बी’च्या बाबतीत तर दर शब्दाला शब्दकोश उघडावा. सुरुवात कुठून करावी, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तरही यातच आहे: ‘के-एन’पासून.

उत्तर 4: शिक्षिका, तळोदा तालुका

मी सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी भिली किंवा पावरी बोलतात, त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा आहे. त्यामुळे वरची चर्चा मला फार आवडली तरी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. अक्षरे कोणतीही घ्या, पण यादीच्या उजव्या बाजूला जो अर्थ लिहिला जातो तो मुलाने पाहिलेल्या वस्तूचा असावा. ‘ट्रफ’ या शब्दापुढे मी अनेक वर्षे ‘द्रोणी’ असे एका जुन्या पुस्तकातून उतरवून लिहीत होते. मुलांना इंग्रजी शब्दही कळत नव्हता आणि मराठी अर्थही कळत नव्हता, दोन्ही नुसते पाठ होत होते. एके दिवशी मी त्याऐवजी ‘गव्हाण’ असे लिहिले आणि बैलांपुढची गव्हाण फळ्यावर काढून दाखवली, त्या दिवसापासून तो शब्द कोणी चुकले नाही.

‘जी-एच’चे किती शब्द शेताशी जोडलेले आहेत, हे मला त्यानंतर दिसले. ‘प्लाउ’ म्हणजे नांगर. ‘ड्राउट’ म्हणजे पावसाने ओढ दिल्याने पडलेला कोरडा दुष्काळ. कोरडा या अर्थाचा ‘ड्राय’ हा त्याचाच नातलग आहे. ‘बाउ’ म्हणजे झाडाची मोठी फांदी. ‘ट्रफ’ म्हणजे गव्हाण, ‘डो’ म्हणजे कणीक, ‘वे’ म्हणजे तोलणे, ‘फ्रेट’ म्हणजे मालाचे भाडे, जे केळी आणि कापूस बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. आणि ‘नेबर’ म्हणजे शेजारी: जुन्या इंग्रजीतील या शब्दाचे दोन तुकडे आहेत, पहिल्याचा अर्थ जवळचा आणि दुसऱ्याचा अर्थ तिथे राहणारा, शेती करणारा. म्हणजे ज्याचा बांध आपल्या बांधाला लागून आहे तो. हे आठ शब्द मी एकत्र देते आणि उच्चारांच्या फरकाची चिंता पहिल्या दिवशी करत नाही.

‘सी-एच’ या जोडीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून तो करते, कारण ती मुकी नसली तरी तिचे तीन उच्चार मुलांना गोंधळात टाकतात. ‘चाइल्ड’ म्हणजे मूल, ‘चीक’ म्हणजे गाल, ‘चीझ’ अशा जुन्या इंग्रजी शब्दांत ती ‘च’ असते. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत ती ‘क’ असते: ‘स्कूल’ म्हणजे शाळा, ‘स्टमक’ म्हणजे पोट, ‘एको’ म्हणजे प्रतिध्वनी, ‘कोरस’ म्हणजे समूहगान. अलीकडच्या काळात फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत ती ‘श’ होते: ‘पॅराशूट’, ‘ब्रोशर’ म्हणजे माहितीपत्रक, ‘शेफ’ म्हणजे मुख्य स्वयंपाकी. गंमत अशी की ‘शेफ’ आणि ‘चीफ’ म्हणजे प्रमुख हे दोन्ही एकाच फ्रेंच शब्दाची रूपे आहेत. ‘चीफ’ फार पूर्वी आला, तेव्हा फ्रेंच लोकही तिथे ‘च’ म्हणत असत. ‘शेफ’ एकोणिसाव्या शतकात आला, तोवर त्यांचा ‘च’ बदलून ‘श’ झाला होता.

माझ्या मुलांना सर्वांत जास्त पटलेले उदाहरण गॅरेजचे आहे. ‘मशीन’ आणि ‘मेकॅनिक’ हे दोन्ही शब्द यंत्र किंवा युक्ती या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दापासून आले आहेत आणि दोन्हींत ‘सी-एच’ आहे. पहिला फ्रेंचमधून फिरून आला म्हणून ‘श’, दुसऱ्याने ग्रीक ‘क’ सांभाळला. अपवाद म्हणून ‘एक’, म्हणजे दुखणे, हा शब्द सांगावा. तो ग्रीक नाही. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशात तो ग्रीक समजून ‘सी-एच’ने लिहिला आणि तेच स्पेलिंग रूढ झाले. एका अक्षराचे दोन उच्चार मराठीतही असतातच, ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च म्हणून पाहिले की मुलांना ते लगेच जाणवते.

प्रश्नकर्ती: शिक्षिका, चाळीसगाव तालुका

तळोद्याच्या ताईंचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या जुन्या याद्या मी आज पुन्हा तपासल्या, तेव्हा ‘नोल’ या शब्दापुढे ‘वर्तुळाकार लघुगिरी’ असा अर्थ लिहिलेला सापडला. तो खोडून ‘टेकडी’ असे लिहिले. ‘स्ले’ म्हणजे बर्फावरून ओढायची गाडी, हाही ‘जी-एच’चा शब्द माझ्या यादीत होता. बर्फ न पाहिलेल्या मुलांसाठी तो तूर्त वगळला आहे.

पुढच्या शनिवारचे नियोजन असे केले आहे की ‘के-एन’चे शब्द सरांनी सांगितल्याप्रमाणे जोडीने घ्यायचे, त्यानंतरच्या आठवड्यात ‘डब्ल्यू-आर’मधील पिळाचे शब्द हाताने कृती करून दाखवायचे, आणि शेताचे आठ शब्द एका मोठ्या कागदावर चित्रांसह भिंतीला लावायचे. नांगर आणि गव्हाण काढायला सहावीतील दोन मुले आपणहून तयार झाली आहेत. धुळ्याच्या सरांना एकच विनंती आहे: ‘राइट’, म्हणजे बरोबर आणि उजवा, यातही ‘जी-एच’ आहे. त्याचे संस्कृतातील नाते असेल तर शनिवारच्या आत कळवावे.

उत्तर 5: संस्कृतचे शिक्षक, धुळे

आहे. ‘ऋजु’, म्हणजे सरळ. सरांनी ‘राँग’चा मूळ अर्थ वाकडा असा दिला आहे, त्याच्या समोरच्या रकान्यात हा लिहावा.